‘बसून राहा’ ते ‘चालत राहा’: धापेच्या उपचाराचा इतिहास

१/ घरातील वडीलधाऱ्यांना जिना चढताना धाप लागली, की आपण म्हणतो, ‘बसा, दगदग करू नका.’ फुप्फुसांच्या जुनाट विकारात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डॉक्टरांचा सल्लाही सहसा हाच असे. तो कसा पालटला, हे पाहू.

२/ १८१९ मध्ये फ्रेंच डॉक्टर रेने लेनेक यांनी ‘एम्फिसीमा’चे सविस्तर वर्णन केले. या विकारात फुप्फुसांतील वायुकोशांच्या भिंती नष्ट होतात. झालेली हानी भरून येत नाही. मग श्रम तरी टाळावेत, हा तर्क बिनतोड वाटे.

३/ १९५०च्या दशकात न्यूयॉर्कमधील अल्व्हान बराक यांनी उलट मार्ग धरला: रुग्णाला प्राणवायू द्या आणि चालवा. १९५६ मध्ये ब्रिटनमधील कोट्स व गिल्सन यांनी सोबत नेण्याजोग्या प्राणवायू उपकरणावरील अभ्यास प्रसिद्ध केला.

४/ १९६०च्या दशकात डेन्व्हरमध्ये थॉमस पेटी यांनी द्रवरूप प्राणवायूची सुवाह्य उपकरणे वापरली. व्यायाम, श्वसनाच्या पद्धती आणि प्राणवायू यांची सांगड घालणारा त्यांचा कार्यक्रम १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला.

५/ यामागील कारण फुप्फुसांइतकेच पायांत आहे. धापेच्या भीतीने माणूस हालचाल टाळतो, स्नायू दुबळे होतात आणि मग थोड्या श्रमानेही अधिक धाप लागते. व्यायामाने फुप्फुस दुरुस्त होत नाही. परंतु सशक्त स्नायूंना तेवढ्याच कामासाठी कमी श्वास पुरतो.

६/ १९८१ च्या ब्रिटिश चाचणीत रक्तातील प्राणवायू फार घटलेल्या रुग्णांपैकी ४२ जणांना रोज किमान १५ तास प्राणवायू दिला गेला. पाच वर्षांत त्यांच्यापैकी १९ दगावले. प्राणवायू न मिळालेल्या ४५ पैकी ३०. मात्र दिवसाचे १५ तास नळीला बांधलेल्या माणसाला घरात-अंगणात वावरता यावे, म्हणून सुवाह्य उपकरणांचे मोल मोठे.

७/ १९९६ मध्ये १४ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणाने दाखवले, की अशा पुनर्वसनाने धाप कमी होते आणि जगणे सुसह्य होते. प्राणवायूचे प्रमाण आणि व्यायामाची मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. प्राणवायू अधिक दिल्यास काही रुग्णांना अपायही होतो. पण आजोबांना कायमचे खुर्चीत बसवण्यापूर्वी एवढे तरी विचारावे: त्यांनी रोज किती चालावे?