गुडघेदुखीसाठी लाईट थेरपी आणि ताकदीचे व्यायाम: ज्येष्ठांना कशाचा किती उपयोग?

मालवण किनारपट्टीवरच्या अनेक घरांत मुले मुंबई-पुण्याला आणि घरी वयस्कर आई-वडील असतात. जांभ्याच्या पायऱ्या चढणे, पाटावरून उठणे जड जाऊ लागले की कुणीतरी लाईट थेरपी सुचवते. पैसे भरण्याआधी पुढील माहिती जरूर वाचा.

लाईट थेरपी म्हणजे काय?

कमी शक्तीच्या लेझरने किंवा एलईडीने लाल अथवा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सांध्यावर व स्नायूंवर सोडतात. त्यामुळे पेशींतील ऊर्जानिर्मितीला चालना मिळते आणि सूज, वेदना कमी होतात, असे मानले जाते. शेक देणारा लाल दिवा किंवा सकाळचे कोवळे ऊन म्हणजे ही थेरपी नव्हे.

खरेच उपयोग होतो का?

गुडघ्याच्या झिजेत योग्य मात्रेत लेझर दिल्यास वेदना कमी होतात, असे काही अभ्यासांत दिसले आहे. मात्र सर्व निष्कर्ष सारखे नाहीत. ब्रिटनच्या ‘नाईस’ या संस्थेने २०२२ मध्ये या आजारासाठी लेझर न देण्याची, पण प्रत्येक रुग्णाला व्यायाम देण्याची शिफारस केली. म्हणजे व्यायाम हा मुख्य उपचार. प्रकाश फार तर जोडीला. नुसते यंत्राखाली बसून स्नायूंची ताकद वाढत नाही.

कोणते व्यायाम करावेत?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ज्येष्ठांनी आठवड्यातून किमान २ दिवस ताकदीचे आणि ३ दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत.

• भक्कम खुर्चीवरून ८ ते १० वेळा उठणे-बसणे
• खिडकीचा गज धरून टाचा उचलणे
• खुर्चीत बसून एकेक पाय गुडघ्यात सरळ करणे
• एक लिटर पाण्याची बाटली, म्हणजे सुमारे १ किलो वजन, हातात धरून उचलणे

व्यायाम करताना श्वास रोखू नका. किंचित दुखणे चालते. पण दुसऱ्या दिवशीही वाढलेलेच राहिले तर व्यायाम कमी करा. फरक जाणवायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. पावसाळ्यात शेवाळलेल्या खळ्यात नको, घरातच व्यायाम करा. जेवणात मासे, अंडी, डाळ, कुळीथ असू द्या. मूत्रपिंडाचा आजार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारा.

लाईट थेरपी कोणी टाळावी?

त्या जागी कर्करोग असल्यास ती घेऊ नये. प्रकाशाने त्वचेला त्रास होईल अशी औषधे, उदाहरणार्थ डॉक्सिसायक्लिन, चालू असल्यास आधी सांगा. लेझरच्या वेळी संरक्षक चष्मा हवाच.

डॉक्टरांकडे कधी जावे?

छातीत दुखणे, चक्कर किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागल्यास व्यायाम थांबवून लगेच रुग्णालय गाठा. गुडघा लाल, गरम होऊन सुजला, किंवा पडल्यावर पायावर भार देता येत नसेल, तरी थांबू नका. हृदयविकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असेल, तर व्यायाम सुरू करण्यापूर्वी तपासणी करून घ्या.

खर्च मर्यादित असेल, तर तो आधी फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम नीट शिकण्यावर करा. मुलांनीही फोनवर ‘गोळी घेतली का?’ सोबत ‘आज व्यायाम झाला का?’ हे विचारावे.