विजेच्या ओढीने घट्ट होणारं तेल : ईआर द्रव वाहतात कसे?

कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून त्यावर बुक्की मारायचा प्रयोग तुम्ही पाहिला असेलच. तेच कॉर्नफ्लोअर गोडेतेलात कालवलं तर मामला वेगळा होतो. दोन-तीन चमचे पीठ, पाव वाटी तेल. मिश्रणाची धार चमच्यातून सोडायची आणि केसांवर घासलेला फुगा तिच्याजवळ आणायचा. धार फुग्याकडे वळते, जाड होते आणि जमलं तर मध्येच थबकते. फुगा लांब नेला की पुन्हा वाहते.

हा प्रयोग मी दातिवऱ्याला आत्याच्या ओट्यावर दुपारी केला आणि सपशेल फसला. धार सरळ भांड्यात! दुसऱ्या दिवशी पहाटे, मतलई वारा सुटलेला असताना केला तेव्हा जमला. दुपारच्या खाऱ्या वाऱ्यातल्या ओलाव्यामुळे फुग्यावरचा विद्युतभार टिकतच नव्हता. पण ओलाव्याची गोष्ट इथेच संपत नाही, पुढे येईलच.

अशा मिश्रणाला इलेक्ट्रोऱ्हिऑलॉजिकल, थोडक्यात ईआर द्रव म्हणतात. अमेरिकेत विलिस विन्स्लो यांनी १९४७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. वीज न वाहू देणारं तेल आणि त्यात तरंगणारे काही मायक्रॉनचे कण, एवढंच त्याचं साहित्य. स्टार्च हा निसर्गाने बनवलेला पॉलिमर असल्यामुळे आपलं कॉर्नफ्लोअरही पॉलिमर-कणच आहे. विद्युतक्षेत्र लावलं की प्रत्येक कणाचं एक टोक धन आणि दुसरं ऋण होतं. मग कण एकमेकांना टोकाला टोक चिकटून क्षेत्राच्या दिशेने साखळ्या धरतात. हे सगळं काही मिलिसेकंदांत घडतं.

आता वाहण्याचं बघू. क्षेत्र नसताना हा द्रव साधारण दाट तेलासारखा वागतो. क्षेत्रात मात्र तो टूथपेस्टसारखा होतो, म्हणजे ठरावीक जोर लावल्याशिवाय हलतच नाही. या किमान जोराला यिल्ड स्ट्रेस म्हणतात. क्षेत्र दुप्पट केलं तर तो ढोबळमानाने चौपट होतो (फार तीव्र क्षेत्रात वाढ त्याहून कमी पडते). एकदा वाहू लागला की साखळ्या तुटतात, पुन्हा जुळतात, पुन्हा तुटतात. वेग कमी असेल तर साखळ्यांची सरशी होते. वेग खूप वाढला की तेलाचा ओढा त्यांना फाडून टाकतो आणि क्षेत्र असूनही फारसा फरक जाणवत नाही. दोन्ही बळांच्या या गुणोत्तराला मेसन अंक असं नाव आहे. कॉर्नफ्लोअर-पाण्याचं वागणं याच्या उलट असतं. ते जोरात ढवळल्याने घट्ट होतं, विजेशी त्याचा संबंध नाही.

मग ईआर द्रव गाड्यांत का दिसत नाहीत? एक कारण ओलावा. स्टार्चसारख्या कणांत थोडं पाणी असेल तरच परिणाम चांगला मिळतो, पूर्ण सुकवले तर तो बराच घटतो. पाणी जास्त झालं तर द्रवातूनच वीज गळते, आणि द्रव तापला तर पाणी उडून जातं. म्हणजे फुग्यावर नको असलेला ओलावा पिठाच्या आत हवा असतो! यावर उपाय म्हणून १९८० च्या दशकापासून पाण्याविना चालणारे अर्धवाहक पॉलिमर-कण पुढे आले. पॉलिअॅनिलिन हे त्यातलं ठळक नाव. तरीही ताकद साधारण काही किलोपास्कलच मिळते आणि त्यासाठी दर मिलिमीटरला हजारो व्होल्ट लागतात. (त्यामुळे घरी फक्त फुगा वापरा, प्लगच्या वाटेला जाऊ नका.)

बाजारात जिंकलं ते चुंबकीय भावंड, एमआर द्रव. त्यात लोखंडाचे बारीक कण असतात आणि ताकद ५० ते १०० किलोपास्कल मिळते. २००२ मध्ये कॅडिलॅक सेव्हिल एसटीएस गाडीच्या शॉक अॅब्सॉर्बरमध्ये तो बसला. पण लोखंड तेलाच्या आठपटीहून जड, त्यामुळे कण तळाला बसतात. इथे पॉलिमर पुन्हा कामाला येतो. लोखंडाच्या कणांवर पीएमएमएचा, म्हणजे अॅक्रिलिकचा, थर दिला की कण हलके होतात, सावकाश बसतात आणि गंजतही कमी. मात्र तेवढ्याच जागेत लोखंड कमी मावल्यामुळे ताकदही थोडी उतरते.

आपलं कॉर्नफ्लोअरसुद्धा तेलापेक्षा जडच आहे. मिश्रण रात्रभर ठेवलं तर सकाळी तळाशी गच्च थर सापडेल. धार सोडण्याआधी ते नीट खरवडून ढवळून घ्या.