कौल, सूट आणि सवलत

‘कन्सेशन’ या इंग्रजी शब्दासाठी ‘सवलत’ हा प्रतिशब्द आज आपण सहज योजतो. विद्यार्थ्याचा पास सवलतीचा असतो, सणासुदीचा दरही सवलतीचा असतो. सोय, सुलभता हा या अरबी मुळाच्या शब्दाचा मूळ अर्थ. देणाऱ्याने ती किती काळ चालू ठेवावी याचे बंधन त्यात नाही. मार्च २०२० मध्ये रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत एका आदेशाने थांबविली.

मराठा काळातील महसुली कागदपत्रांत याच जातीच्या व्यवहाराला ‘कौल’ म्हणत. हा शब्दही अरबीच, पण त्याचा अर्थ दिलेला शब्द, वचन. (देवाला कौल लावण्यातला कौल तो हाच.) पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्या रयतेस सरकार कौल देई. पहिल्या वर्षी सारा अल्प, पुढे वर्षागणिक चढता आणि ठरलेल्या मुदतीअखेर पूर्ण दर, अशा या आकारणीस ‘इस्तावा’ ही संज्ञा होती. दर आणि मुदत दोन्ही कागदावर येत असल्यामुळे रयतेच्या हाती आधार राही. अंमलदार तो नेहमी पाळीत, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु न पाळल्यास ती केवळ गैरसोय न राहता वचनभंग ठरे. ५ सप्टेंबर १६७६ रोजी शिवाजी महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेले पत्र या संदर्भात आठवते. ज्याला बैल नाहीत त्याला बैलांसाठी पैका द्यावा, पोटास धान्य द्यावे आणि वसुली वाढीदिढीवाचून, केवळ मुद्दलाची, त्याला झेपेल तशी करावी, असा त्यातील हुकूम आहे.

इंग्रजी अमलात ‘सूट’ आणि ‘तहकुबी’ हे शब्द रूढ झाले. मुंबई इलाख्यातील खेडा जिल्ह्यात १९१८ साली पीक चार आण्यांहून कमी आले, म्हणून सारावसुली तहकूब करावी, अशी शेतकऱ्यांची मागणी होती. सरकारने पिकाचा अंदाज तर मान्य केला नाहीच, शिवाय तहकुबी ही मेहेरबानी आहे, हक्क नव्हे, अशी भूमिका घेतली. गांधीजींच्या नेतृत्वाखालील सत्याग्रहाचे मूळ या वादात होते.

हाच वाद पुढे महाराष्ट्रात निराळ्या रूपाने उभा राहिला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. आंबेडकरांसमवेत बौद्ध धर्म स्वीकारणाऱ्यांना १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींमध्ये स्थान उरले नाही. महाराष्ट्र राज्याने १९६० मध्ये त्यांना आपल्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्रात मात्र १९९० पर्यंत वाट पाहावी लागली. ‘नवबौद्धांच्या सवलती’ हा शब्दप्रयोग शासकीय परिपत्रकांतून थेट रोजच्या बोलण्यात आला, आणि बोलणाऱ्याच्या स्वरानुसार त्याला उपकाराची किंवा हेटाळणीची छटा चढत गेली. संविधानाच्या अनुच्छेद १६(४) मध्ये मात्र तरतूद आहे ती राखीव जागांची. ज्यांच्यासाठी ती होती ते हक्क मागत होते. फाइलीवर नोंद होत होती ती सवलतीची.