विंचू, घाम आणि पाण्याचा हिशोब: महाड-पोलादपूरची गोष्ट

नर्सिंगची परीक्षा जवळ आली की मज्जासंस्था, किडनी आणि शरीरातल्या पाण्याचा समतोल हे तीन धडे आपण वेगवेगळे पाठ करतो. पण आपल्या रायगडात, महाड-पोलादपूरच्या डोंगरपट्ट्यात, हे तिन्ही धडे एकाच वॉर्डात भेटतात. आजचा भाग त्याबद्दलच.

साल 1976. डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. भात कापताना, पेंढा उचलताना, दगड हलवताना लाल विंचू चावायचा. लोक आधी भगताकडे जायचे आणि मग दवाखान्यात. गंभीर अवस्थेत आलेल्यांपैकी 30 टक्क्यांच्या आसपास रुग्ण दगावायचे. त्यात लहान मुलं खूप.

आता नीट ऐका, कारण परीक्षेत हेच विचारतात. विंचवाचं विष नसांमधल्या सोडियमच्या वाटा उघड्या ठेवतं. मग नसा थांबायचं नावच घेत नाहीत. आधी उलट्या, लाळ आणि दरदरून घाम, म्हणजे शरीरातलं पाणी बाहेर जातं. नंतर रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो आणि हृदय दमतं. शेवटी फुप्फुसात पाणी भरतं, तोंडाला गुलाबी फेस येतो. गंमत बघा, एकाच रुग्णाच्या अंगातलं पाणी कमी झालेलं असतं आणि फुप्फुसात मात्र नको तितकं साठलेलं असतं. अशा वेळी घाम बघून डोळे झाकून सलाईन सोडलं तर काय होईल, तुम्हीच सांगा.

बावस्करांकडे मोठी यंत्रं नव्हती. रुग्णाजवळ बसायचं आणि नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांची ऊब लिहून ठेवायची, एवढंच हातात होतं. त्या नोंदींतून धोक्याची आधीची लक्षणं सापडली आणि 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. पुण्यात एमडी करून ते याच भागात परतले, पोलादपूरला. तिथे त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरलं. त्याने आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल व्हायच्या, पण ते थेंबाथेंबाने द्यावं लागतं आणि रक्तदाबावरून नजर हटवता येत नाही. खेड्यातल्या दवाखान्यात हे रोज कसं जमणार? म्हणून तेच काम करणारी साधी, स्वस्त गोळी त्यांनी निवडली, प्राझोसिन. 1986 मध्ये तेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं. पुढे मृत्यूचं प्रमाण 3 टक्क्यांच्या खाली उतरलं.

काम तिथेच थांबलं नाही. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी महाडमध्ये 70 रुग्णांवर चाचणी केली. प्राझोसिनसोबत विंचवाची लस दिली तर रुग्ण लवकर सावरतो, हे 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलं. 2022 मध्ये डॉ. हिंमतरावांना पद्मश्री मिळाली.

आता आपल्या कामाचं. प्राझोसिनच्या पहिल्या डोसनंतर रक्तदाब एकदम घसरू शकतो. म्हणून मूल झोपलेलंच ठेवायचं, आईने मायेने कडेवर उचललं तरी तिला समजवायचं. उलटी थांबली की गेलेलं पाणी शक्यतो तोंडाने भरून काढायचं. हातपाय गरम आणि कोरडे झाले की समजा, गाडी रुळावर आली.

हीच नजर सापांच्या बाबतीतही लागते. मण्यार चावली तर जखम दुखतही नाही, पण पापण्या जड होतात आणि नंतर श्वासाचे स्नायू थकतात. घोणस किडनीवर घाव घालते, तिथे लघवीचं माप सगळं सांगून जातं. चार्टवर ‘लघवी किती मिली’ हा रकाना रिकामा सोडलात, तर किडनी बंद पडत चालली आहे हे कळणार तरी कुणाला?

मला या इतिहासातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं: औषध सापडलं ते तासातासाच्या नोंदींमुळे. आणि वॉर्डात त्या नोंदी कोण ठेवतं? सिस्टर, तुम्हीच.

आणि घरी कुणाला विंचू चावला, तर भगत नको, थेट दवाखाना गाठा. भेटू पुढच्या भागात!