हिंगण्याची झोपडी आणि घरकामाची विद्या

डेक्कनकडून कोथरूडकडे जाणाऱ्या कर्वे रस्त्यानें आज हजारों माणसें जातात-येतात. कांहीं अंतरापर्यंत तर डोक्यावरून मेट्रोहि धांवते. सव्वाशें वर्षांपूर्वीं या बाजूला शेतें होतीं, आणि त्यांच्या पलीकडे हिंगणें नांवाचें एक लहानसें खेडें होतें. फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकविणारे धोंडो केशव कर्वे दिवसाचें काम आटोपून शहरापासून सुमारें चार मैलांवरच्या त्या खेड्याची वाट पायीं तुडवीत जात. तेथें एका झोपडींत विधवा मुली त्यांची वाट पाहत असत. त्यांना शिकवावें आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां कॉलेजच्या वर्गांत उभें राहावें, असा त्यांचा क्रम होता. त्याच हिंगण्याचा परिसर आज कर्वेनगर या नांवानें ओळखला जातो.

त्या झोपडींतून निघालेला एक प्रश्न मी आज आपल्यापुढें मांडणार आहें. स्वयंपाक, शिवण, स्वच्छता, हिशेब, आजाऱ्याची शुश्रूषा या घरांतल्या विद्या शाळेंत शिकवाव्यात काय? आणि शिकवावयाच्या तर कोणाला?

अनाथ बालिकाश्रमाची मंडळी १८९६ सालीं स्थापन झाली, आणि पुण्यांतील प्लेगमुळें आश्रम १९०० सालीं हिंगण्याच्या माळावर गेला. आश्रमांत येणाऱ्या मुलींना घरकाम येत नव्हतें असें मुळींच नाहीं. किंबहुना त्यांना दुसरें कांहीं येऊं दिलें गेलें नव्हतें. दळण, कांडण, धुणें, भांडीं, मोठ्या कुटुंबाचा स्वयंपाक हें सारें त्या काळच्या विधवेच्या वाट्याला न मागतां येत असे. पहांटेपासून रात्रीपर्यंत राबूनहि तिच्या श्रमाला मोल नव्हतें व तिच्या शब्दाला किंमत नव्हती. पोळी लाटावयास शिकविण्याकरितां कोणाला हिंगण्यास शाळा काढावी लागली नव्हती. हिंगण्यानें केलें तें वेगळेंच. ज्या हातांना काम ठाऊक होतें त्या हातांत त्यानें अक्षर दिलें, आणि शिक्षिकेचा व परिचारिकेचा व्यवसाय त्यांच्या आवांक्यांत आणला.

दोन बहिणींचें उदाहरण घ्या. आनंदीबाई कर्वे, ज्यांना सारे बाया म्हणून ओळखीत, त्या स्वतः बालविधवा होत्या; पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांत शिकल्या, आणि १८९३ सालीं कर्व्यांशीं त्यांचा पुनर्विवाह झाला. पुढें त्यांनीं नागपुरास जाऊन सुइणीच्या कामाचें शिक्षण घेतलें. घरोघर परंपरेनें चालणारें काम त्यांनीं शास्त्र म्हणून आत्मसात केलें. त्यांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांनाहि तरुणपणीं वैधव्य आलें. त्यांनीं आश्रमाच्या व्यवस्थेचा भार उचलला व त्याच्यासाठीं निधि जमविण्यास त्या गांवोगांव हिंडल्या. इंग्रजी भाषा यावी म्हणून १९१८ सालीं त्या थेट अमेरिकेस गेल्या, आणि तेथें चरितार्थासाठीं लोकांच्या घरीं घरकाम करून राहिल्या. वय पन्नाशीकडे झुकलेलें, भाषा परकी! तरी त्यांनीं हें काम कमीपणाचें मानलें नाहीं. पुण्यांत जें काम विधवेला शिक्षेसारखें करावें लागे, त्याच कामाची मजुरी त्यांना परदेशांत मिळाली. भांडें तेंच आणि राखहि तीच. पण एकीकडे तें ऋण होतें, दुसरीकडे तो रोजगार होता. घरकामाच्या शिक्षणाचा सारा वाद या एका फरकांत सामावलेला आहे असें मला वाटतें.

हा वाद पुण्याला नवा नव्हता. १८८४ सालीं हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली तेव्हांच ‘मराठा’ पत्रानें तिच्या अभ्यासक्रमावर टीका केली होती. मुलींना इंग्रजी आणि गणित हवें कशाला, त्यांना संसाराला उपयोगी पडेल तेवढेंच शिकवावें, असा त्या टीकेचा रोख होता. येथें घरकाम हें शिक्षणाचें कुंपण म्हणून पुढें आलें. उलट १९०९ सालीं रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनीं पुण्यांत सेवासदन काढलें, तेव्हां शिवण आणि रुग्णसेवा याच विद्या स्त्रियांना स्वतःच्या पायांवर उभें करण्याकरितां शिकविल्या गेल्या. सुई तीच, पण हेतु निराळा.

आतां कर्व्यांकडे पुन्हां वळूं. १९०७ सालीं त्यांनीं महिला विद्यालय सुरू केलें. तें विधवांपुरतें नव्हतें. लग्न लांबवून शिकूं इच्छिणाऱ्या कुमारिकांचीहि तेथें सोय होती. म्हणजे आज ज्या वयाला आपण माध्यमिक शाळेचा उंबरठा म्हणतों, त्या वयाच्या मुली आतां त्यांच्यापुढें आल्या. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या वाचनांत आली, आणि १९१५ सालच्या अखेरीस मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनीं स्त्रियांकरितां स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली. १९१६ सालीं तें प्रत्यक्षांत उतरलें. शिक्षणाचें माध्यम मातृभाषा. शिवाय गृहशास्त्र, आरोग्य व मानसशास्त्र यांना अभ्यासक्रमांत मानाची जागा. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं पंधरा लक्ष रुपयांची देणगी दिली व त्यांच्या मातोश्रींचें नांव विद्यापीठास मिळालें. कर्वे रस्त्यावर या विद्यापीठाचें गृहविज्ञान महाविद्यालय आजहि आहे.

कर्व्यांच्या या योजनेंत मोठें धैर्य होतें. चूल, बाळंतिणीची खोली आणि पाण्याचा हंडा हेहि विद्येचे विषय आहेत, त्यांना पदवीचा मान मिळावा, असें म्हणणें त्या काळीं सोपें नव्हतें. पण तिच्यांत एक उणीवहि होती, आणि महापुरुषाविषयीं आदर बाळगूनच ती सांगितली पाहिजे. गृहशास्त्र मानाचें झालें खरें, परंतु तें मुलींचें म्हणूनच राहिलें. घर दोघांचें, आणि त्याची विद्या मात्र एकीची! मुलाला घरांतलें काय यावें, हा प्रश्न त्या अभ्यासक्रमापुढें आलाच नाहीं.

या प्रश्नाचें उत्तर महाराष्ट्रांतच दुसऱ्या एका ठिकाणीं सांपडतें. १९३७ सालच्या ऑक्टोबरांत वर्ध्यास शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींच्या नई तालीमचा पाया घातला गेला. तिच्या आरंभींच्या आराखड्यांतहि मुलींकरितां गृहशास्त्राची निराळी सोय होतीच. पण सेवाग्रामच्या शाळेंत आशादेवी व आर्यनायकम् यांनीं जो दिनक्रम चालविला, त्यांत सफाई आणि स्वयंपाक हीं कामें मुलगे व मुली या दोघांच्याहि वाट्याला येत. धान्य मोजतांना गणित, पाणी उकळतांना विज्ञान, शेण-माती हाताळतांना समाजशास्त्र! हिंगण्यानें घरकामाला मान दिला. सेवाग्रामानें तें सर्वांचें केलें.

पुढें कोठारी आयोगानें १९६६ सालच्या आपल्या अहवालांत कार्यानुभवाचा आग्रह धरला, आणि तो विषय आपल्या शाळांच्या वेळापत्रकांत आला. परंतु वेळापत्रकांतली तासिका आणि हातांतलें कौशल्य यांत अंतर पडूं शकतें, हें ज्यांनीं तो विषय वहींत चित्रें चिकटवून उत्तीर्ण केला आहे त्यांना मीं सांगावयास नको. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें सहावी ते आठवीच्या मुलांनीं दहा दिवस दप्तराविना गांवांतील कारागिरांजवळ जाऊन काम शिकावें असें सुचविलें आहे. सुतारकाम, वीजकाम, बागकाम, कुंभारकाम अशीं उदाहरणें तेथें दिलीं आहेत. सूचना उत्तम आहे. मात्र त्या उदाहरणांत स्वयंपाकघराचें नांव नाहीं, आणि ती उणीव शाळांनीं व पालकांनीं भरून काढावयाची आहे.

श्रोते हो, बारा वर्षांचें वय या विद्येला फार योग्य असतें. हात स्थिर झालेला असतो, आणि काम करावयाची लाज अजून पुरती शिरलेली नसते. त्या वयांत मुलाला गुंडी लावतां आली, वरणभात शिजवितां आला, भाजल्यावर प्रथम थंड पाणी ओतावें हें कळलें, आणि महिन्याच्या किराण्याचा हिशेब मांडतां आला, तर तो कोणाचा नोकर होत नाहीं. तो कोणावर भार होत नाहीं, इतकेंच. आणि त्याच्या बहिणीचा अभ्यासाचा एक तास वांचतो.

हिंगण्याच्या झोपडींतील मुलींना घरकाम येत होतें, पुस्तक येत नव्हतें. आज आपल्या मुलांना पुस्तक येतें आणि घरकाम येत नाहीं. त्या मुलींना जें हवें होतें तें देण्याकरितां एक गणिताचा प्राध्यापक रोज चार मैल चालत गेला. आपल्याला चालावयाचें आहे तें अंतर बैठकीपासून स्वयंपाकघरापर्यंतचें आहे. मुलाचा हात धरून तेवढें आपण आज रात्रीं चाललों, तरी पुरे.