बडोद्याची ललितकला विद्याशाखा आणि तिची शिष्यपरंपरा

बडोदे आणि मराठी माणूस यांचे नाते आपल्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. गायकवाडी राजवटीत चाकरीच्या निमित्ताने तिकडे गेलेली अनेक मराठी घराणी तेथेच स्थायिक झाली. आपल्या ज्ञातीतही बडोद्यास आप्त असलेली घरे असतीलच. पण त्या शहरातील ज्या संस्थेचा इतिहास येथे सांगावयाचा आहे, तिचे नाव आपल्या घरांतून क्वचितच ऐकू येते. मुलाच्या हाती कुंचला दिसताच "चित्रे काढून पोट भरते काय?" असा प्रश्न जेथे उमटतो, त्या घरांतील वडीलधाऱ्यांपुढे हा वृत्तांत मुद्दाम ठेवीत आहे.

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली बडोद्यास कलाभवन स्थापिले. रंगकाम, विणकाम, यंत्रविद्या यांच्या जोडीने तेथे चित्रकला शिकवीत. हेतू उद्योगधंद्यांच्या वाढीचा होता. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके हे याच कलाभवनाचे विद्यार्थी. पुढे १९४९ साली महाराजांच्या नावे विद्यापीठ निघाले. त्याच्या पहिल्या कुलगुरू श्रीमती हंसाबेन मेहता यांच्या कारकीर्दीत १९५० साली ललितकला विद्याशाखा सुरू झाली आणि मार्कंड भट्ट तिचे पहिले अधिष्ठाता झाले. तोवर चित्रकाराचे शिक्षण म्हणजे सरकारी कलाशाळेतील पदविका. येथे प्रथमच चित्रकार व शिल्पकार यांना इतर विषयांच्या पदवीधरांच्या पंक्तीस बसविले गेले, आणि हातातील कौशल्याबरोबर कलेच्या इतिहासाचे अध्ययनही आले. ज्या समाजात पदवीवाचून मान नाही, तेथे ही गोष्ट लहान नव्हे.

चित्रकला विभागाची धुरा नारायण श्रीधर बेंद्रे यांजकडे आली. इंदुरास १९१० साली जन्मलेले बेंद्रे देवळालीकर गुरुजींच्या हाताखाली तयार झाले, मुंबईची पदविका त्यांनी १९३३ मध्ये मिळविली, आणि पुढे काश्मीर, शांतिनिकेतन, अमेरिका असा प्रवास करून ते बडोद्यास पोहोचले होते. निसर्गदृश्यांनी नाव मिळालेला हा चित्रकार चाळिशीनंतर नव्या पाश्चात्त्य शैलींचे प्रयोग स्वतःच विद्यार्थ्याच्या उत्साहाने करू लागला. १९५५ साली त्यांच्या 'काटा' या चित्रास ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. पण प्रस्तुत लेखकास त्यांचे खरे यश निराळ्या जागी दिसते. शांती दवे, ज्योती भट्ट, गुलाम मोहम्मद शेख, काश्मिरातून आलेले गुलाम रसूल संतोष ही सारी त्यांचीच शिष्यमंडळी. परंतु यांतील एकाचे चित्र दुसऱ्यासारखे नाही, आणि गुरूसारखे तर नाहीच. आपल्याकडे गुरूची नक्कल हीच गुरुभक्ती मानणारे थोडे नाहीत! बेंद्रे १९५९ मध्ये अधिष्ठाते झाले आणि १९६६ साली त्यांनी बडोदे सोडले.

शिल्पकला विभाग शंखो चौधुरी यांनी उभारला. ते शांतिनिकेतनच्या रामकिंकर बैज यांचे शिष्य. १९५१ मध्ये कल्पती गणपती सुब्रह्मण्यन् आले. त्यांची कथा सांगण्यासारखी आहे. मद्रासला अर्थशास्त्र शिकत असताना ते स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले. सरकारी महाविद्यालयांचे दरवाजे बंद झाले, म्हणून १९४४ साली शांतिनिकेतनची वाट धरली. उच्च कला आणि कारागिरी यांत त्यांनी भिंत मानली नाही. लखनौच्या रवींद्रालयावरील मातीच्या फरशांचे त्यांचे भव्य भित्तिशिल्प १९६३ सालचे; आणि ज्या हातांनी ते घडविले, त्याच हातांनी विद्याशाखेच्या जत्रेसाठी लाकडी खेळणी केली. ही जत्रा १९६१ मध्ये सुरू झाली. तीत शिक्षक व विद्यार्थी एकत्र बसून वस्तू बनवीत आणि विकीत. सुब्रह्मण्यन् यांस २०१२ साली पद्मविभूषण मिळाले. २०१६ मध्ये बडोद्यासच त्यांचा अंत झाला.

पहिल्या तुकडीतील ज्योती भट्ट यांनी नेपल्स व न्यूयॉर्क येथे शिकलेली मुद्राचित्रणाची विद्या बडोद्यास रुजविली. १९६७ पासून ते कॅमेरा घेऊन खेडोपाडी हिंडले आणि पुसल्या जाणाऱ्या रांगोळ्या व भिंतीवरील चित्रे त्यांनी टिपून ठेविली. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९६२ मध्ये भावनगर येथे तरुण चित्रकारांचा जो 'ग्रूप १८९०' निघाला, त्यात ते, शेख व राघव कनेरिया असे बडोद्याचे अनेकजण होते. हे नाव एका घराच्या क्रमांकावरून पडले. कलाभवनाचे स्थापनावर्षही तेच, हा केवळ योगायोग.

सुब्रह्मण्यन् यांचे एक गुरू विनोदबिहारी मुखर्जी. त्यांची कन्या मृणालिनी पुढे बडोद्यास सुब्रह्मण्यन् यांची विद्यार्थिनी झाली. तागाच्या दोरांस गाठी मारमारून तिने देवतांसारख्या उंच, गूढ आकृती उभ्या केल्या. ती २०१५ साली निवर्तली; २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने तिच्या शिल्पांचे मोठे प्रदर्शन भरविले.

आता पोटाच्या प्रश्नाकडे वळू. सर्वच पदवीधरांस कीर्ती लाभली नाही, हे मान्य केले पाहिजे. पण भूपेन खक्करांचे उदाहरण पाहावे. मुंबईचे हे सनदी हिशेबनीस १९६२ साली शेखांच्या आग्रहावरून बडोद्यास आले आणि त्यांनी कलासमीक्षेचा अभ्यासक्रम पुरा केला. पुढे अनेक वर्षे ते एका कारखान्यात अर्धवेळ हिशेब लिहीत आणि उरलेल्या वेळात न्हावी, घड्याळजी, शिंपी अशा साध्या माणसांची चित्रे रंगवीत. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २००३ साली ते वारले, आणि २०१६ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले.