सोपाऱ्याचा शिलालेख आणि आयांची मंगले

आपल्या सोपाऱ्याचा इतिहास सांगायला कोणी बसले, म्हणजे शूर्पारक बंदर, बुरूड राजाचा कोट, तिथला स्तूप आणि सम्राट अशोक ही नावे हटकून येतात. आईबायांचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही. पण तो आहे, आणि तोही खुद्द राजाच्या तोंडचा.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा मिळाला, हे पुष्कळांना ठाऊक आहे. पुढे १९५६ मध्ये भुईगावला नवव्या लेखाचाही तुकडा सापडला. तो आता मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. आपला दगड फुटका, पण हाच लेख गिरनार, काल्सी येथे चांगला वाचता येतो. राजा म्हणतो, की दुखण्याखुपण्यात, लग्नकार्यात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना तऱ्हेची मंगले करतात. आणि त्यांतही बायका पुष्कळ क्षुल्लक व निरर्थक मंगले करीत बसतात. काल्सीच्या प्रतीत तर ‘आया आणि बायका’ असे स्पष्ट म्हटले आहे! मंगले करावीत, पण त्यांचे फळ थोडे. मोठे फळ धर्ममंगलाचे, म्हणजे नोकरचाकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांना मान, जीवमात्राविषयी संयम, श्रमणब्राह्मणांना दान.

उपदेश उत्तमच आहे. शिवाय याच राजाने माणसांच्या व जनावरांच्या औषधोपचाराची सोय केल्याचे दुसऱ्या लेखात नमूद आहे, हेही त्याच्या बाजूने सांगायला हवे. परंतु मैत्रिणींनो, मूल झाल्यावर आई ही मंगले का करते, हे राजाने कोणा आईला विचारले असेल, असे मला वाटत नाही.

माझ्या थोरल्याच्या पाचवीला सासूबाईंनी पाटावरवंटा पुजला, सटवाईसाठी कोरा कागद नि लेखणी ठेवली आणि रात्रभर दिवा जागवला. मला मनातून हसू येत होते. तरी बाळाचा श्वास चालू आहे ना, हे पाहायला त्या रात्री मीच तीनदा उठले. मुलाचा आनंद आणि ही धास्ती एकाच दिवशी घरात येतात. पहिलटकरणीला हे कोणी आधी सांगत नाही.

आणि ती धास्ती काही पोकळ नव्हती. नाळ अस्वच्छ हत्याराने कापली, म्हणजे नवजात बाळाला धनुर्वात होई, आणि तो बहुधा पहिल्या आठवड्या-पंधरवड्यातच गाठी. पाचवी-सहावीची रात्र जागवणाऱ्या बायकांना जंतू माहीत नव्हते, पण वैऱ्याची वेळ मात्र बरोबर ठाऊक होती. लसीमुळे व स्वच्छ बाळंतपणामुळे ह्या रोगाचे आपल्या देशातून उच्चाटन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. म्हणजे अगदी कालपरवा.

इथे मला कल्याणच्या आनंदीबाई जोशी आठवतात. २०१४ मध्ये आपला पालघर जिल्हा वेगळा निघेपर्यंत कल्याण नि आपण एकाच ठाणे जिल्ह्यातले. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि वैद्यकीय मदतीवाचून दहा दिवसांत गेला. ते दुःख घेऊन ही मुलगी अमेरिकेला गेली आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाली. तिथे प्रबंधाला विषय कोणता घेतला? आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र! आजीपणजीच्या रीती तिने निरर्थक म्हणून फेकल्या नाहीत, अभ्यासाला घेतल्या. कोल्हापूरच्या इस्पितळातला स्त्रियांचा विभाग तिच्या हाती यायचा होता. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच, पुण्यात ती क्षयाने गेली.

मंडळाची यंदाची सहल मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात न्यावी, अशी माझी सूचना आहे. आपला दगड तिथे आहे. लेकुरवाळ्यांनी मुलांना घरी ठेवू नये, बरोबरच आणावे.